दोर कोन धरते

सिंदेवाहीहून व्हीसीआर यायचा सायकलच्या कॅरिअरवर,
गोधडीत गुंडाळलेला, आजारी माणसाला आणावं तसा.
दहाच्या करकरीत नोटेनं मी त्याचं हेड पुसायचो,
म्हणून मला तिकीट नव्हतं.
बाकीच्यांना दोन रुपये, नाहीतर अर्धी पायली धान.

त्या रात्री चिनी पिक्चर.
कॅसेटवर कोणी शाईनं लिहिलं होतं, 'उडणारे',
गावात तेच नाव चाललं.

पहिल्याच मिनिटाला एक म्हातारा मेला,
पांढऱ्या भुवया छातीपर्यंत.
वीस मिनिटांनी तोच धबधब्यात बसून चहा पीत होता.
"हा तं मेला होता न बे?"
"हा त्याचा गुरू होय."
"मंग मेला तो कोन?"
"तोही गुरूच."
हिंदी समजावून सांगणारा मी, सातवी पास,
आणि हिंदीलाच काही समजलेलं नव्हतं.
ओठ थांबले तरी आवाज चालूच,
आवाज थांबला की ओठ.

एक बाई केसांनी नदी अडवते.
एक तलवार मालकावर रुसून डोंगरात निघून जाते.
एक जण तळहात पुढे करतो, हलकेच, दार लोटावं तसा,
आणि पलीकडचं तळं ताडाएवढं उभं राहतं.
कोणी कोणाचा बाप मारला, किती पिढ्यांआधी,
कळलं नाही.
शेकोटी विझली तरी कोणी उठलं नाही.

बांबूच्या बनात लढाई लागली तेव्हा
पत्रू बुरड सरकत सरकत टीव्हीपाशी गेला.
शेंड्यावर दोघं, एका पायावर, बगळ्यासारखे.
शेंडा वाकायचा, मोडायचा नाही.
"आपल्या बांबूवर तं कावळाही तोलून बसते," तो म्हणाला,
"याचं बेणं भेटन का कुठं?"
सगळे हसले. त्याला खरंच बेणं हवं होतं.

कवडू मोहुर्ले मागे, भिंतीला टेकून.
नाटकाच्या मंडळात तो दोर ओढायचा,
अप्सरा उतरवायचा, नारद ढगात टांगायचा.
तो लढाई बघतच नव्हता.
टीव्ही संपून जिथं कौलं सुरू होतात
तिथं बघत होता.
"झटका नाही देत," म्हणाला. "माप आहे हातात."
कोणाच्या?
"दोर धरनाऱ्याच्या. आनखी कोनाच्या?"

पंचफुला गेडाम बायांमध्ये, मांडीवर भावाचं पोर झोपलेलं.
निळ्या कपड्यातली ती पोरगी
छपरावरून छपरावर, छपरावरून रानात, रानातून ढगात.
"तिले कोनी इचारत नाही का, कुठं चालली म्हून?"
मी लक्ष देऊन ऐकलं.
खरंच, कोणी विचारत नव्हतं.

साडेबाराला लाइन गेली.
ती आणि पांढऱ्या भुवयावाला हवेत समोरासमोर,
तलवारी अजून भिडायच्या होत्या.
पहाटेपर्यंत थांबलो.
व्हीसीआर गोधडीत परत गेला.

सकाळी मामा तलावाच्या पाळीवर आम्ही अकरा जण
तळहात पुढे करून उभे.
पाणी जागचं हललं नाही.
एक पाणकोंबडी उडाली, ती आपापल्या नावावर धरली.
मग शिंगाड्याचा ठेकेदार डोमाजी काठी घेऊन आला
आणि आम्ही सगळेच उडालो.

दोन दिवसांनी मंडई.
दुपारी स्टेज बांधून होत आलं होतं,
कवडू दोर तपासत होता, आडव्या बल्लीवर टाकून,
आधी धानाचं पोतं वर, मग खाली.
पंचफुला पाण्याची गुंडी घेऊन चालली होती.
थांबली. गुंडी खाली ठेवली. काही बोलली नाही.
कवडूनं पोतं सोडलं.
पट्टा तिच्या हातात दिला, बांधायचा कसा ते लांबूनच सांगितलं,
आणि कुठं, का, कशाला, काही नाही,
फक्त एवढंच विचारलं:
"किती वर?"

ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.
मला दिसली ती फळीवर पडलेली एक चप्पल,
आणि टाच रोवून मागे, अजून मागे झुकत जाणारा कवडू.