कंदील क्रमांक एकोणीस

ऊस तुऱ्याला आला की मळेवाला तोंड वाकडं करतो:
गोडी उतरणार, पेरं पोकळ होणार, वजन जाणार.
आम्ही वर्षभर वाट बघतो ती त्याच तुऱ्याची.
नोव्हेंबरात, बार्बाडोसच्या या टेकडीवर,
पहाटे पाचला, समुद्राकडून वारा उठायच्या आत
मी शिडीवर असते.

कोण आई, कोण बाप, हे आयोडीन ठरवतं.
पराग काळा पडला तर बाप,
पिवळटच राहिला तर आई.
आई खाली बादलीत, बुडख्याशी तोडलेली,
पाण्यात चमचाभर आम्ल, तेवढ्यावर
ती तीन आठवडे उभी राहते,
बी धरते, मग वाळते.
बाप वर टांगलेला.
दोघांभोवती पांढऱ्या कापडाचा कंदील,
परकी धूळ आत यायला नको.
मी काठीने टिचकी मारते.
झालं लग्न. पाद्री नाही, पाहुणे नाहीत.

पूर्वी मळ्यांचे मालक सांगत, उसाला बी नसतंच.
कांडी पुरा, डोळा फुटेल,
तोच ऊस पुन्हा, तोच, तोच.
मग कुणीतरी वाकून पाहिलं:
सरीत, कुणीही न लावलेली, गवतासारखी रोपं.
आईची मावशी डॉर्कस म्हणायची,
वाकलेले तर आम्हीच होतो;
वहीत लिहिणारे निराळे.

शहाऐंशी साली मी एकोणीस वर्षांची,
नोकरीला दोन महिने.
रात्री वादळ झालं. सहा कंदील आडवे,
चिठ्ठ्या चिखलात, शाई ओघळलेली,
आणि वळणावर ॲलीन साहेबांची जीप.
मी अंदाजाने सहा गाठी मारल्या.
साहेबांनी विचारलं, सगळं ठीक?
मी म्हटलं, ठीक.

उसाचं बी म्हणजे कापूस,
शिंकलात तर वंश उडून जातो.
त्यातून चाळीस हजार रोपं.
काणीने नेली, तांबेऱ्याने नेली,
काही नुसतीच लोळली.
उरलेल्यांचा एकेक थेंब काचेवर घेऊन
मी डोळ्याला लावत होते, उजेडाकडे तोंड करून,
तेरा वर्षं.
शेवटी एकच उभा राहिला.
कंदील क्रमांक एकोणीस.

आता तो गयानात आहे, बेलीझमध्ये आहे,
वाऱ्याला झुकतो, पडत नाही,
पाचवा खोडवाही लागणीसारखा देतो.
मोठमोठ्या संस्थांनी तेच आईबाप मागवले,
पुन्हा पुन्हा लग्न लावलं.
तसं मूल काही झालं नाही.
हवामान, म्हणाले. माती, म्हणाले.
मी त्यांना चहा दिला.

मागच्या मंगळवारी किशोना आली,
नव्या प्रयोगशाळेतली, अजून बूट कोरे असलेली,
हातात छापलेला कागद, त्यावर काळ्या रेघांच्या रांगा.
"व्हरोना आंटी, एकोणीसचा हा बाप नव्हेच."

मी बराच वेळ बादलीत पाणी ओतत राहिले,
भरून वाहायला लागली तरी.
मग सांगितलं. वादळ, चिखल, जीप, गाठी.
तिने रागवावं असं मला वाटत होतं.
ती म्हणाली, "सहाच चिठ्ठ्या?"
आणि हसली.

मला तिला आणखी एक सांगायचं होतं:
मळ्याच्या जुन्या वहीत, बैलांच्या पानामागे,
माझ्या खापरपणजीपुढे कुणीतरी गिटन्स लिहिलं.
तेही एका फटक्यात, बहुधा जेवायची घाई असताना.
बापाचा रकाना नव्हताच.
ते आडनाव अजून फुटतंय, खोडव्यावर खोडवा,
माझ्या नातवाच्या दप्तरावर आहे.
पण वारा उठायला आला होता.

किशोनाने पेन्सिलने जुन्या नावावर रेघ मारली.
पुढची जागा कोरी सोडली.
"मग खरा कोण?"

मी शिडी धरली.
चढ, म्हटलं. अजून सात कंदील राहिलेत.
आणि गाठ मारताना
नाव मोठ्याने वाच.