बकेट क्रमांक एक

लातूरच्या एमआयडीसीत डाळमिलची यंत्रं होतात,
त्यातल्या एलिव्हेटरचं ड्रॉइंग माझ्याकडे.
उभा पट्टा, वरखाली पुली,
पट्ट्यावर बकेटी दोनशे बारा.
खाली तूर भरून घ्यायची,
वर जाऊन पालथं व्हायचं,
रिकामं परत यायचं.

मी काढते एकच.
पत्रा दोन मिलिमीटर, ओठ जरासा पुढे,
पाठीला तीन भोकं.
बाकी दोनशे अकरा तिच्याकडे बघत राहतात.
हिचं भोक आठाचं दहा केलं
की सगळ्यांच्या पाठीत त्याच क्षणी दहाचं.
फाइल हलकी राहते, कॉम्प्युटर धापा टाकत नाही.
त्या आज्ञेचं नाव पॅटर्न.
अंतर सांगा, संख्या सांगा, एंटर.

हा शब्द लातुरात मला वेगळा शिकावा लागला नाही.
बारावीनंतर दोन वर्षं रिपीटर बॅच.
एका बाकावर चौघी, एकाच रंगाची सॅक,
झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून काढलेल्या नोट्स.
रविवारच्या टेस्टला एकच चूक
आम्ही अख्ख्या ओळीनं केली होती एकदा,
कारण नोट्समध्येच ती होती.
दुसऱ्यांदाही बारा मार्कांनी गेलं.
अण्णा म्हणाले, पॉलिटेक्निकचा फॉर्म कधीपर्यंत आहे?

तर परवा शेडमधून इलाही मिस्त्रींचा फोन.
"भोकं जुळंनात की ताई. येऊन बघा तर."
सतरा बकेटी बाजूला काढून ठेवलेल्या,
पाठीला आठाचंच भोक.
मी तणतणत लॅपटॉप उघडला
आणि तिथंच गप्प झाले.
यादीच्या तळाशी:
बकेट कॉपी, बकेट कॉपी कॉपी, बकेट फायनल नवीन…
माझ्या आधीच्या सोनटक्क्यांनी कधीतरी घाईत
पॅटर्न वाढवायचा सोडून
सतरा नुसत्या चिकटवल्या होत्या.
हुबेहूब. पण पहिलीशी त्यांचं काही नातं नाही,
घरात काय बदललं याचा निरोप
त्यांच्यापर्यंत जातच नाही.
मटेरियलच्या तक्त्यातही दोन ओळी होत्या,
एकशे पंच्याण्णव आणि सतरा.
मी बेरीज बघितली, बरोबर आली, सही केली.

मिस्त्री काही बोलले नाहीत.
दहाचं ड्रिल लावलं,
एकेक बकेट गुडघ्यात धरून कानसीनं कड मारली.
मी म्हटलं, आता सगळ्या सारख्या.
"सारख्या?" त्यांनी दोन उचलल्या.
"ही जाकीरची, टाका कसा बारीक बघा.
ही लांडग्याची. पोरगं जेवायच्या सुट्टीआधी घाई करतंय."
मला दोन्हीत काहीच दिसलं नाही.

ऑफिसात येऊन सतराही पुसल्या.
पॅटर्नमध्ये संख्या घातली दोनशे तेरा.
चूक नव्हे. पट्ट्याची दोन टोकं जिथं सांधतात
तिथं बकेट बसत नाही, ती वगळायची असते.
एकशे सहाव्या जागेवर टिचकी मारली:
बकेट गेली, एक ठिपका उरला.
मोजणीत जागा आहे, वस्तू नाही.

हॉस्टेलला चौदा नंबरची कॉट अशीच होती.
किनगावची प्रणिता दिवाळीला गेली ती आलीच नाही.
हजेरीपटातून नाव कुणी काढलं नाही.
मार्चपर्यंत सर ते घेत,
अर्धा सेकंद थांबत,
आणि पुढच्या नावावर जात.

शनिवारी ट्रायल झाली.
तूर चढू लागली, शेडभर पिवळी धूळ.
मिस्त्री खोक्याला कान लावून उभे.
खट खट खट खट
आणि मध्येच एक घास गिळल्याएवढं काही नाही,
मग पुन्हा खट खट.
मी दचकले. म्हटलं, एक निसटली काय?
त्यांनी बोट वर केलं, थांबा.
पुन्हा ती रिकामी जागा आली तेव्हा
खडूनं पत्र्यावर दुसरी रेघ मारली.
"दोन फेरे झाले," म्हणाले.
"ती नसती तर मोजायचं कशावरून?"