तेवीस घरं

बोलुंगारविकच्या मासळी-कारखान्यात
पगाराच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम
स्टेइनथोरनं लिहिला, सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात,
डोंगराआडचं ऊन आठवडेच्या आठवडे गावात उतरत नव्हतं तेव्हा,
सी भाषेत, एका बोटानं टाइप करत.
तो गेला. प्रोग्राम राहिला.
मग माझ्याकडे आला.

आत एकच ओळ, सगळ्या गावाला पुरलेली:
प्रिंटएफ, आणि अवतरणात
टक्का, वजा, तेवीस, टिंब, तेवीस, एस.
म्हणजे नावाला तेवीस घरं.
कमी पडलं तर उजवीकडे मोकळी जागा भर,
जास्त झालं तर काप.
पुढे टक्का, आठ, टिंब, दोन, एफ:
कॉडचे किलो, टिंबाखाली टिंब,
लाकडी मांडवावर जोडीजोडीनं टांगलेल्या
सुकत्या माशांसारखे सरळ.

इथे आडनाव नसतं.
बापाचं नाव, आणि पुढे 'सोन' किंवा 'दोत्तिर'.
मुलाला तीन अक्षरं लागतात, मुलीला सहा.
हे मला ती ओळ मोजताना कळलं;
तोवर मी स्वतः कुणाची तरी दोत्तिर असून
कधी मोजलं नव्हतं.
तेवीस घरांत मुलगे मावतात.
मुली बाहेर सांडतात.

राग्नहेयदुर थोरवाल्ड्सदोत्तिर,
चौतीस वर्षं सुरी घेऊन पट्ट्यापाशी उभी,
चौतीस वर्षं चिठ्ठीवर शेवटची दोन अक्षरं नाहीत.
"ती कंपनीला दिली," म्हणायची, "बर्फाच्या खर्चात."

मग मशीन बदललं.
नव्या मशीनच्या हिशेबात
आमची काही अक्षरं दोन-दोन घरं अडवतात,
ज्यांच्या डोक्यावर रेघ आहे, किंवा मानेवर काट.
प्रिंटएफ अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो.
त्याला वाचता येत नाही.
तो शिंपी नव्हे, नुसती कात्री.
तेविसावं घर आलं, त्यानं कापलं,
नेमकं 'ओ'च्या मधोमध.

राग्नहेयदुर थोरवाल्ड्सद,
आणि पुढे चौकटच्या एक्क्यासारख्या काळ्या खुणेत
पांढरं प्रश्नचिन्ह.

ती ऑफिसात आली, पायात गमबूट तसेच,
फरशीवर खवले.
चिठ्ठी टेबलावर ठेवून त्या खुणेवर बोट टेकवलं.
"हे कोण?"

अंथरूण पाहून पाय पसरावे, म्हणतात.
त्या रात्री मी धाकट्या भावाला हाक मारली, एसएनप्रिंटएफला.
तो आधी अंथरूण विचारतो
आणि त्याबाहेर करंगळीही काढत नाही.
मी त्याला शून्य जागा दिली.
म्हटलं, काही छापू नकोस, नुसतं नाव घे.
तो अठ्ठावीस घेऊन परत आला.
पंचवीस, मधली मोकळी जागा धरून,
आणि तीन दुहेरी अक्षरांचे वरचे तीन.
असं दुसरं कुणी माझ्या पाहण्यात नाही,
ज्याला चटईचा तुकडाही दिला नाही
तरी उठून खरं सांगतो
पाय केवढे होते.

मी तेवीस खोडले. दोन्ही.
त्या जागी एकेक चांदणी ठेवली,
जिचा अर्थ: रुंदी मी ठरवत नाही,
येणारा घेऊन येईल.
किलोंचा रकाना उजवीकडे सरकला,
कागद जरा वाकडा दिसू लागला.
स्टेइनथोरला आवडलं नसतं.

सप्टेंबरात तिची शेवटची चिठ्ठी निघाली.
तिनं चष्मा पुसला, लावला,
बोट ओळीवरून नेलं,
राग्नहेयदुरवरून, थोरवाल्ड्सवरून,
दोत्तिरवरही न थांबता
थेट टिंबापर्यंत.

"बारा किलो कमी आहेत," म्हणाली.

मी मोजले.
होते.