दहावं

मरोळ गावठाणात इनासमामाची डुकरीण व्याली.
नऊ पिल्लं काळी,
दहाव्याच्या पाठीवर पट्टे,
खारीला असतात तसे,
पण इथे कुठल्या देवाने बोटं फिरवलेली नाहीत.

मामा आरेच्या भिंतीकडे बघून हसला.
भिंतीखालची माती उकरलेली,
चिखलात फाटलेला खूर,
मागे दोन बारीक ठिपके.

हजारो वर्षं उष्टं घातलं आपण.
सुळे आखडले, शेपूट वळलं,
मेंदूही थोडा आटला, म्हणतात.
आपलं काय आटलं
ते त्यांनी मोजलेलं नाही.

पट्टेवालं शेवटच्या आचळाला झोंबतंय,
जिथे दूध कमी.
शेपूट सरळ.

नाताळला कुठलं काढणार, मी विचारलं.
मामा मोजायला लागला
आणि नवावर थांबला.