एकच उरल्यास

गिऱ्हाईकाला तक्ता हवा आहे, गुरुवारी.
कॉफीचा व्यापारी. गोदाम नदीकाठी.
त्याला चार देशांत माणसं जोडायची आहेत
आणि चारही कायदे एकाच पानावर पाहायचेत.
मी रकाने पाडले: फ्रान्स, जर्मनी, ब्राझील,
शेवटी आपलं लुइझियाना.
आडव्या ओळींत नेहमीचे प्रश्न.
भांडवल किमान किती. सही कुणाची चालते.
बुडालं तर राहत्या घरावर जप्ती येते का.

सहा ओळी रात्रीतून झाल्या.
सातवी त्यानेच पेन्सिलीने वाढवली होती:
भागीदारांपैकी एकच उरल्यास.

खाली कॅरंडोलेट स्ट्रीटवर ट्राम घंटी वाजवत वळते.
समोरचं टेबल ओदिलचं.
फायलींच्या कपाटाला तिने अडकवलेल्या
कार्निव्हलच्या जांभळ्या माळा अजून तिथेच,
चिकोरीच्या कॉफीचा डबा अर्धा.
मी मिरजेची, ती लाफायेतची;
सोळा वर्षं एका शब्दावरून भांडलो.
'सोसिएते'ला कंपनी म्हणायचं नाही, ती बजावायची,
कंपनी काय, सगळ्यालाच म्हणतात.
तिला मी आजोबांच्या वहीतला शब्द दिला: सरकत.
तिला तो इतका आवडला की घोकत बसली,
आणि अर्थ विचारला तेव्हा मी दोन सांगितले:
भागीदारी,
आणि हळूहळू पुढे जात राहणं.

असो. जर्मनी.
जर्मनी आवराआवर करत बसत नाही.
हिशेब नाही, लिलाव नाही;
जे होतं ते सगळं, देण्यांसकट,
त्याच क्षणी उरलेल्याच्या अंगावर.
म्हणजे भाड्याचा करार, प्रिंटरचे हप्ते,
तिच्या ड्रॉवरमधल्या खोकल्याच्या गोळ्या.

फ्रान्स वर्षभर थांबतो.
तेवढ्यात दुसरा शोधा,
नाहीतर कुणीही कोर्टात जाऊन मोडून मागू शकतो.
ही मुदत मला ओळखीची वाटते.
वर्षश्राद्ध होईपर्यंत
आमच्या घरीही सण होत नसे.

ब्राझील एकशे ऐंशी दिवस देत असे.
ते कलम अलीकडे काढून टाकलं.
आता तिथे एकट्याचंही चालतं.
ओदिल म्हणाली असती, हे तळटीपेत घाल,
जुना कायदा वाचून फसणारे पुष्कळ असतात.
घातलं.

लुइझियानाचा रकाना मी शेवटी ठेवला,
जसा ताटातला कारल्याचा तुकडा.
इथल्या संहितेत भागीदारी म्हणजे
भागीदारांहून वेगळी अशी एक व्यक्ती.
म्हणजे या खोलीत आम्ही तिघी होतो:
ती, मी,
आणि दारावरच्या पाटीवरची 'फोंतेनो व रेगे',
जिला ना खोकला होता ना मिरज.
पुढचं कलम एका ओळीचं आहे.
संख्या एकावर आली की ती संपते.

हे मी दरवर्षी कुणाकुणाला समजावून सांगते,
बिल लावते.
फेब्रुवारीत, मिरवणुकांनी रस्ते बंद असताना,
दोघी गेल्या होत्या
आणि मी एकीचंच सुतक धरलं.

तीन महिने मग हे फोन कोण उचलत होतं?
'फोंतेनो व रेगे, बोला' म्हणत,
मेलेल्या बाईच्या आवाजात,
दुसऱ्या मेलेल्या बाईचं नाव आधी घेऊन?

रकान्यात लिहिलं: समाप्त.
मग खोडलं. मग तेच पुन्हा,
कारण बरोबर तेच आहे
आणि त्याने पैसे बरोबर उत्तराचे दिलेत.

सोबतच्या पत्राचा मसुदा मी मराठीतच करते,
सवय आहे, मग इंग्रजीत उतरवते.
इंग्रजीत एकच 'वी'. काही विचारत नाही.
मराठी अडवते: आपण की आम्ही?
'आपण' लिहायला समोर कुणीतरी लागतं.
'आम्ही' मात्र
एकटं माणूसही म्हणू शकतं,
राजे म्हणत, संपादक म्हणतात,
भांडणात बायका म्हणतात.

आम्ही तक्ता पाठवत आहोत.
सातव्या ओळीबद्दल काही शंका असल्यास
कृपया दुपारी तीननंतर फोन करावा.