चाळीस पेले

शनिवारी दुपारी चर्चच्या स्वयंपाकघरात
मी पेले धुते.
प्रभुभोजनाचे, काचेचे, अंगठ्याएवढे.
ट्रेला चाळीस खाचा, चाळीस पेले.
माणसं येतात सतरा.
अर्डिस आली तर अठरा, पण त्यासाठी तिचा गुडघा आणि हवामान
दोघांचं पटावं लागतं.

लेलंड म्हणतो, सतराच धू ना.
हिशेब त्याच्याकडे असतो, त्याला असं सुचणारच.
भट्टीचं तेल, छताची डागडुजी, पाळकबाईंचं पेट्रोल.
तीन गावांत मिळून एक पाळकबाई,
आमच्या वाट्याला महिन्यातले दोन रविवार.
रात्री जेवणाच्या टेबलावर तो आकडे मांडतो,
गहू आणि दशमांश एकाच वहीत,
मधे फक्त एक रेघ.
परवा म्हणाला, "अजून दोन हिवाळे. फार तर तीन."
मला वाटलं, ट्रकबद्दल बोलतोय.

मी चाळीसच्या चाळीस धुते.
न वापरलेल्या पेल्यावरही धूळ बसतेच.

हे काम मला सासूबाईंनी दिलं. दिलं म्हणजे काय,
लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी हातात टॉवेल ठेवला.
"उजेडात धरून बघ," म्हणाल्या.
काठावरचा लिपस्टिकचा डाग
त्यांना पापापेक्षा जास्त खुपायचा.
आमचं फार जमलं नाही, खोटं कशाला बोलू.
बटाट्याची लेफ्से माझ्या हातून कधी पातळ लाटली गेली नाही;
तेवीस नाताळ त्या माझी पोळी
उजेडात धरून बघत राहिल्या.
शेवटी शेवटी त्यांना माझं नाव आठवेना.
पण ओला पेला हातात दिला की
बोटं बरोबर गोल फिरायची.

कीगन सोळाचा झाला आणि म्हणाला, मी यापुढे येणार नाही.
नाश्त्याला. टोस्टला लोणी लावता लावता.
लेलंडची सुरी थांबली.
मी म्हटलं, बरं.
त्या बरंचा अर्थ मलाच ठाऊक नव्हता.
आता दीड वर्ष होईल.
बाकावर आम्ही दोघं बसतो
तेव्हा मधे अजून त्याच्या रुंदीची जागा सुटते.
सवय. दुसरं काही नाही.

आज उणे एकतीस.
वारा नसेल तर सस्कॅचेवानमध्ये याला बरी हवा म्हणतात.
नळ आधी खोकला, मग पाणी आलं.
बारावा की तेरावा पेला असेल,
बाहेर खर्रर्र, खर्रर्र.
काचेवरचं बर्फ नखाने खरवडून पाहिलं:
कीगन. फावडं घेऊन.
कुणी सांगितलं नव्हतं. निदान मी तरी नाही.
पायऱ्या झाल्या, उतार झाला,
मग दारापासून गाड्या लागतात तिथपर्यंत वाट.
वाट झाली, तसा थांबला,
फावडं आडवं टाकून रुंदी मापली,
आणि पुन्हा दोन्ही कडांनी वीत वीत कापत गेला.
मला उशिरा उमगलं.
अर्डिसचा वॉकर.

काचेवर टकटक करावीशी वाटली. केली नाही.
आत ये, ऊब घे, असं म्हटलं असतं
तर त्याने त्या आतचा
भलताच अर्थ घेतला असता.
कोकोचा थर्मॉस पायरीवर ठेवला आणि दार ओढून घेतलं.
दाराला पाठ लावून उभी राहिले, चोरासारखी.
बऱ्याच वेळाने
झाकण फिरल्याचा आवाज आला.

सिंकपाशी परतले तर मोजणी चुकलेली.
धुतलेले कुठले, न धुतलेले कुठले, कळेना.
पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रात्री लेलंडने वहीत लिहिलं:
वाळू, एक पोतं, पायऱ्यांसाठी.
कुणी टाकली ते लिहिलं नाही.
पेनाचं टोक मात्र
बराच वेळ त्या ओळीवर टेकलेलं होतं,
शाईचा ठिपका पसरेपर्यंत.