सातवं टिंब

तेवीस वर्षं ऊन अडवायचा पगार घेतला.
बडोद्याच्या संग्रहालयात, शालूंच्या कपाटांशी;
पडदे ओढायचे,
किरमिजी विटू द्यायचा नाही.

मग मांड्या जडावल्या. जिन्याला कठडा लागू लागला.
डॉक्टर पारेखांनी कागद सरकवला : नऊ.
"गोळी आठवड्याला एक, बेन. आठच. जेवणावर.
मग पुन्हा रक्त. मनानं वाढवायची नाही."

मी रविवार धरला.
वरणभातावर तुपाची धार, मग गोळी,
मग कॅलेंडरवर पेन्सिलचं टिंब,
चुकून दोनदा नको.

कारण आमचे भास्करकाका मोहिते, नावातच सूर्य,
तीच गोळी रोज घेत राहिले अडीच महिने.
ताकद येते म्हणाले.
आली ती तहान. ओकाऱ्या. बोलण्यात घोळ.
रक्तात कॅल्शियम मावेना,
सहा दिवस सलाईन.
काकूंनी आता गोळ्यांच्या डब्याला कुलूप घातलंय,
किल्ली मंगळसूत्रात.

आज सातवं टिंब.
अकराच्या उन्हात गच्चीवर बसलेय, बाह्या दुमडून.
शेजारची पोरं पतंगाला कन्नी बांधतायत,
माझ्याकडे बघत नाहीत, बरंय.
दंड बघून मलाच नवल :
शालूच्या आतल्या घडीसारखे,
रंग अजून जसाच्या तसा.